खांदा धरलाय, घरी लेझर घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझी फिजिओथेरपीची छोटीशी खोली आहे. कापूस वेचणी सरत आली की वेचणीच्या बायका येतात, आणि वर्षभर मास्तर, दुकानदार, एसटीचे कंडक्टर. पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच असतं, "ताई, हात वरी जाईना." हल्ली त्यामागोमाग दुसरं येतं, "पोरानं ऑनलाइन लेझरचं मशीन मागवलंय, लावू का?" तोंडी देऊन देऊन पाठ झालेली उत्तरं इथं लिहून काढली आहेत. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझा स्वतःचा डावा खांदाही धरला होता, त्यामुळे काही ठिकाणी माझं दुखणंच जास्त बोलेल. ते समजून घ्या.

खांदा दुखतोय. हे फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडून धरलेला खांदाच, आहे हे कसं ओळखायचं?

नुसता हात वर जात नाही, एवढ्यावरून नाही कळत. घरी करता येईल अशी एक तपासणी सांगते. खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा आणि हात काटकोनात पुढे धरा, चहाचा ट्रे धरल्यासारखे. आता कोपरं जागची न हलवता दोन्ही हात बाहेर उघडा, वाड्याच्या दाराच्या दोन फळ्या उघडतात तसे. चांगल्या बाजूची फळी सहज उघडते, धरलेल्या बाजूची थोडी जाऊन अडते. मग घरातल्या कुणाला तरी तोच हात हळूच बाहेर न्यायला सांगा. त्यांनाही तो नेता येत नसेल, आत काहीतरी अडसर लागल्यासारखा थांबत असेल, तर फ्रोजन शोल्डरचा संशय पक्का धरा. दुसऱ्यानं उचलल्यावर हात वर जातो, पण स्वतःला उचलता येत नाही, असं असेल तर खांद्याच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलेला असू शकतो. त्याचा इलाज वेगळा.

बायकांना हे दुखणं पुरुषांच्या आधी लक्षात येतं. ब्लाउजची मागची हुकं लागत नाहीत, वेणी घालताना हात मध्येच खाली येतो. पुरुषांना कळतं ते मागच्या खिशातलं पाकीट काढताना.

पुढच्या गोष्टी असतील तर मशीन, तेल, व्यायाम सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला दाखवा. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छाती भरून येणं, घाम, धाप असेल तर थेट दवाखाना गाठा, ते हृदयाचं असू शकतं. ताप येऊन खांदा लाल, गरम झाला असेल. वजन घटतंय, खोकला हटत नाही. हाताला मुंग्या येऊन पकड ढिली झाली. गाडीवरून पडला होता.

आणि शेतातल्या मोटारीचा शॉक बसल्यापासून खांदा आखडला असेल, तर ते मुद्दाम सांगा. शॉकमध्ये किंवा फिटमध्ये स्नायू इतक्या जोरात आवळतात की खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत ते सहज नजरेतून सुटतं. हात बाहेर फिरत नाही, म्हणून सगळे फ्रोजन शोल्डर समजून व्यायाम करवतात आणि खांदा निखळलेलाच राहतो. अशा वेळी बाजूचा एक्स-रेसुद्धा काढून घ्यावा लागतो.

आत नेमकं होतं काय?

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. ती सैल असते म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो. या दुखण्यात ती आधी सुजते, मग जाड होते, आकसते. नवी शर्ट धुतल्यावर काखेत आटते ना, तसं. खांद्याच्या पुढच्या भागातला एक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, सगळ्यात जास्त जाड होतो, म्हणून हात बाहेर फिरवणं सगळ्यात आधी जातं. बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांनी 1934 साली याला 'फ्रोजन शोल्डर' म्हटलं. समजावायला अवघड आणि बरं करायलाही अवघड, असं त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. 1945 साली नेव्हिएझर यांनी 'अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस' हे नाव दिलं. तुमच्या चिठ्ठीवर बहुधा तेच लिहिलेलं असतं.

मलाच का झालं? मी तर जड काही उचललंही नाही.

जड उचलण्याशी याचा फारसा संबंध नसतो. 40 ते 60 या वयात होतं, बायकांना जास्त. थायरॉईडचा त्रास असलेल्यांना, फ्रॅक्चरनंतर हात झोळीत बरेच दिवस राहिलेल्यांना, लकवा झालेल्यांना, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात हलवायला घाबरलेल्यांनाही होतं.

पण माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न साखरेचाच विचारते. शुगर असलेल्यांत हे दुखणं इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, जास्त दिवस राहतं आणि चिवटही असतं. रक्तातली जास्तीची साखर कॅप्सूलच्या तंतूंना चिकटते आणि ते तंतू कडक होतात. "मला शुगर नाही" असं ठासून सांगणाऱ्या कित्येकांनी शुगर कधी तपासलेलीच नसते. मीही त्यातलीच. दुसऱ्यांना रोज सांगणारी मी, स्वतःचा खांदा धरल्यावर तीन महिने बाम चोळत बसले. शेवटी एचबीए1सी ही रक्ताची तपासणी केली तर 8.1 निघालं, म्हणजे शुगर होतीच. मशीनचे पैसे भरण्याआधी ही एक तपासणी करून घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर तीत कळते आणि उपाशीपोटी जावं लागत नाही.

आपोआप बरं होतं म्हणतात, मग उपचार कशाला?

बहुतेकांचं पुष्कळसं बरं होतं, खरं आहे. पण एक ते तीन वर्षं जातात. पहिले काही महिने ठणक्याचे, रात्रीची झोप उडवणारे. मग ठणका उतरतो पण खांदा जखडून बसतो. त्यानंतर हळूहळू मोकळा व्हायला लागतो. काहींचा हात थोडा कमी फिरतो तो कायमचा. आणि दोन वर्षं एका हातानं भाकरी थापून बघा, मग "आपोआप बरं होतं" हे वाक्य कुणाला ऐकवावंसं वाटणार नाही.

लेझर म्हणजे कापायचं ना? भाजणार नाही?

ऑपरेशनचं लेझर वेगळं. घरगुती वापराचं ते कमी ताकदीचं. पाचशे मिलिवॅटच्या आतलं, बहुतेक मशीनं तर त्याच्याही बरीच खाली. कातडीला साधारण काहीच जाणवत नाही, आणि "काहीच होत नाहीये, बिघडलंय वाटतं" म्हणून लोक ते परत करतात.

याची सुरुवात बुडापेस्टमध्ये झाली. 1967 च्या सुमारास एंड्रे मेस्टर हे डॉक्टर उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून, लेझरनं कॅन्सर होतो का ते तपासत होते. कॅन्सर झाला नाही, उलट लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून पुढे जखमा, सांधे, दुखणं असं काम वाढत गेलं. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे जे भाग असतात, त्यांतलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं. त्यातून पेशीचं काम सुधारतं, सूज आणि वेदना कमी होतात, अशी याची मांडणी आहे.

लाल बल्बचा शेक हा याचा भाऊबंद नाही. तो ऊब देतो. ऊब चांगलीच, पण ते लेझर नव्हे.

खरंच उपयोग होतो का? सरळ सांगा.

दुखणं कमी व्हायला होतो, थोडा. आखडलेली पिशवी सैल करायला फारसा नाही.

2008 साली ग्रीसमध्ये झालेल्या एका चाचणीत 63 रुग्ण होते. निम्म्यांना 810 नॅनोमीटरचं (हा प्रकाशाच्या तरंगलांबीचा आकडा) खरं लेझर आणि निम्म्यांना नुसतं दाखवायचं, आठ आठवड्यांत बारा वेळा. खऱ्या लेझरवाल्यांचं रात्रीचं आणि हालचालीचं दुखणं जास्त उतरलं, रोजची कामं सोपी झाली. हात किती फिरतो यात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2014 साली कॉक्रेन या संस्थेनं विजेच्या आणि प्रकाशाच्या अशा सगळ्या उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या व्यायामापेक्षा लेझर आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं दुखणं आधी कमी होतं, असं त्यांनाही दिसलं. पण चाचण्या थोड्या आणि छोट्या, म्हणून पुरावा कच्चाच, हेही त्यांनी सांगितलं.

मी स्वतः लेझर वापरते ते एवढ्यासाठीच, की ठणका कमी झाला की माणूस व्यायाम करतो. लेझर लावून हात पोटाशी धरून बसणाऱ्याला मी मशीन भाड्यानंही देत नाही.

घरी कसलं मशीन घ्यावं?

दुकानदाराला किंवा विक्रेत्याला दोन आकडे विचारा, तरंगलांबी किती नॅनोमीटर आणि ताकद किती मिलिवॅट. हे आकडे खोक्यावर नसतील आणि त्यालाही सांगता येत नसतील, तर खोकं परत ठेवा. "क्वांटम", "कोल्ड", "सात रंगांचं" असल्या शब्दांनी खांद्याला काही फरक पडत नाही.

खांद्याचा सांधा खोल असतो. 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश वरच्या वरच विरतो. 800 ते 900 च्या आसपासचा इन्फ्रारेड त्याहून आत जातो, म्हणून 808, 810, 830 किंवा 904 असा आकडा बघा.

ताकदीचा हिशेब चौथीच्या गणितासारखा आहे. मिलिवॅटला हजारानं भागा आणि सेकंदांनी गुणा, ज्यूल मिळतात, म्हणजे एकूण किती ऊर्जा दिली ते. 100 मिलिवॅटचं मशीन एका जागी 40 सेकंद धरलं की 4 ज्यूल झाले. आता बाजारात मिळणारा 5 मिलिवॅटचा लाल पेन घ्या. तेवढेच 4 ज्यूल व्हायला त्याला 800 सेकंद लागतील, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर, एका ठिकाणी. पाच ठिकाणी धरायचं म्हटलं तर तासभर गेला. एक मामा असाच पेन रोज दोन मिनिटं फिरवायचे आणि लेझरच खोटं म्हणायचे. लेझर खोटं नव्हतं, पेन अपुरा होता.

शक्य असेल तर आधी चार आठवडे भाड्यानं घ्या, किंवा जवळच्या फिजिओकडे सहा-आठ वेळा लावून बघा. फरक वाटला तरच विकत.

लावायचं कसं आणि कुठे?

खांदा उघडा करा. कपड्यावरून लावलेला प्रकाश कपड्यालाच लागतो. तेल, बाम, हळदीचा लेप पुसून काढा. उशीवर हात टेकवून बसा. मशीनचं तोंड कातडीला टेकवून हलकंसं दाबा आणि एका जागी धरून ठेवा, इस्त्रीसारखं फिरवू नका.

जागा अशा. गळ्याच्या हाडावरून बोट बाहेर सरकवत खांद्यापर्यंत न्या, तिथून थोडं खाली पुढच्या बाजूला दाबलं की दुखरी खोलगट जागा लागते. तिथं दोन ठिकाणी. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली, बाहेरच्या बाजूला एक. मागच्या बाजूला पाठीच्या फऱ्याची आडवी कड जिथं बाहेर संपते, त्याच्या दोन बोटं खाली दोन. एका ठिकाणी साधारण 4 ज्यूल, पण तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत किंवा फिजिओनं वेगळं सांगितलं असेल तर ते खरं धरा. मागच्या जागा स्वतःला दिसत नाहीत. पहिल्या वेळी कुणाकडून तरी पेनानं खुणा करून घ्या आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे रोज नवी जागा शोधावी लागत नाही.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते आठ आठवडे. महिन्याभरात रात्रीच्या झोपेत काहीच फरक नसेल तर पुढे ओढू नका.

जास्त वेळ धरलं तर लवकर बरं होईल?

नाही. ठरावीक मात्रेपर्यंत फायदा वाढतो, त्यापुढे उतरतो. खताचं आहे तसंच, दुप्पट टाकलं म्हणून पीक दुप्पट येत नाही.

डोळ्यांचं काय? घरात लहान लेकरं आहेत.

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन गेल्यावर कळतं. मशीनबरोबर आलेला चष्मा त्याच तरंगलांबीसाठी असतो, तो लावणाऱ्यानं आणि लावून घेणाऱ्यानं दोघांनीही घालायचा. उन्हाचा काळा गॉगल चालत नाही. तोंड कातडीला टेकल्यावरच बटण दाबायचं, आणि उचलायच्या आधी बंद करायचं.

स्वयंपाकघरात लावू नका. आपल्याकडे मांडणीवर स्टीलची ताटं आरशासारखी चकचकीत घासून लावलेली असतात, त्यांवरून प्रकाश परत फिरतो. आरशासमोरही नको. काम झालं की बॅटरीसकट वरच्या फळीवर. लेकराच्या हाती ते खेळणं म्हणून पडलं तर ते आधी स्वतःच्याच डोळ्यात बघणार.

कुणी घरी वापरू नये?

कॅन्सर असलेल्या किंवा होऊन गेलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईनंही डॉक्टरला विचारूनच. गळ्यातल्या थायरॉईडवर, डोळ्यांवर, ताज्या रक्तस्रावावर नाही. उन्हात गेलं की कातडी भाजणारी काही औषधं असतात, ती चालू असतील तर विचारून. खांद्यावर गोंदण असेल तर त्यावर धरू नका, गडद रंग उष्णता ओढतो आणि चटका बसू शकतो. सावळ्या कातडीवर जास्त ताकदीचं मशीन धरताना ऊब वाटली की थांबा. पेसमेकरवाले नेहमी विचारतात. त्यांना जपायचं असतं ते विजेचे झटके देणाऱ्या टेन्ससारख्या मशीनला.

व्यायाम कोणते?

खरा इलाज हाच, म्हणून इथं जरा थांबते.

गरम पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा लेझर झाल्यावर लगेच करा. पहिला झोक्याचा, तोही कॉडमन यांच्याच नावानं ओळखला जातो. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल लोंबू द्या आणि अंगाच्या हेलकाव्यानं छोटे गोल फिरू द्या. हातानं फिरवायचा नाही. ठणक्याच्या दिवसांत एवढाच पुरे. पुढे त्याच हातात तांब्याभर पाणी धरता येईल.

दुसरा भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहून दोन बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. जिथं अडलं तिथं खडूनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. माझ्या खोलीची एक भिंत अशा रेघांनी भरली आहे, या वर्षी रंग दिला नाही. दोन आठवड्यांत रेघ दोन बोटं जरी सरकली तरी माणसाचा चेहरा बदलतो.

तिसरा काठीचा. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी, कोपरं अंगाला, आणि चांगल्या हातानं ढकलून दुखरा हात बाहेर फिरवायचा. कंटाळवाणा आहे, पण हरवलेली मुख्य हालचाल हीच, म्हणून तो सोडू नका. चौथा पंचाचा, आंघोळीनंतर पाठ पुसतो तसा, वरच्या हातानं खालचा दुखरा हात हळूहळू वर ओढायचा. हा मात्र ठणका उतरल्यावरच.

ताण जाणवला पाहिजे, कळ नको. व्यायामानंतर तासाभरात दुखणं पूर्वपदावर आलं नाही किंवा रात्री जास्त ठणकलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. दिवसातून एकदा अर्धा तास घाम काढण्यापेक्षा चार वेळा पाच-पाच मिनिटं बरी.

चोळून, ओढून घेतलं तर मोकळा होईल का?

हलक्या हातानं तेल लावायला काही हरकत नाही. पण दोघांनी धरून हात वर ओढायचा आणि 'कट' आवाज आला की सुटला म्हणायचं, हे करू नका. एक मावशी असा हात ओढून घेऊन आल्या होत्या. आधी खांद्यापर्यंत तरी जाणारा हात महिनाभर झोळीत गेला, हाड मोडलं होतं. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ असतात, त्यांनी तर अजिबात नको.

डॉक्टर सांध्यात इंजेक्शन घ्या म्हणतात. घ्यावं का?

सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पुरावा लेझरपेक्षा कितीतरी भक्कम आहे. मी घेतलं, आणि त्या आठवड्यात तीन महिन्यांनी पहिल्यांदा डाव्या कुशीवर झोपले. शुगर असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वर जाते, म्हणून आधी सांगा आणि घरी तपासत राहा. इंजेक्शन टाळायला म्हणून लेझर, असा सौदा करू नका.

रात्री झोपच लागत नाही.

उताणं झोपा आणि वाकळेची घडी करून दुखऱ्या कोपराखाली ठेवा, म्हणजे हात मागे लोंबणार नाही. कुशीवरच झोप येत असेल तर चांगल्या कुशीवर, पोटाशी उशी धरून.

वेचणीचे दिवस आहेत, काम बंद करू का?

कमरेच्या उंचीची कामं करत राहा, हात वापरातून गेला की जास्त आखडतो. वेचणी चालेल. गाठोडं डोक्यावर चढवणं, टेम्पोत फेकणं दुसऱ्याला सांगा.

उन्हाळ्यात मशीन कुठे ठेवायचं?

पत्र्याच्या घरात मे महिन्यात नको, बॅटरी खराब होते. माठाच्या खोलीत, पण ओलीपासून लांब. लाइट जाते म्हणून आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा.

तीन-चार महिने झाले, हात तिथंच आहे. आता?

हाडांच्या डॉक्टरकडे जा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. सांध्यात सलाइन भरून पिशवी फुगवणं, भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीतून पिशवी सोडवणं, असे पुढचे मार्ग तिथं ठरतात. जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट आणि किती लेझर घेतलं त्याची नोंद न्या. भिंतीवरच्या रेघांचा फोटो नेलात तर फारच उत्तम.

बरं झाल्यावर मशीन दुसऱ्याला देऊ का?

द्या, कपाटात ठेवून काय करायचं. गल्लीत कुणाचा ना कुणाचा खांदा धरलेला असतोच. आधी त्यांना ट्रे धरायची ती तपासणी करायला लावा आणि साखर विचारा. आणि चष्मा द्यायला विसरू नका, मशीन जातं आणि चष्मा नेहमी आपल्याच फळीवर राहतो.